टकलावर टेकलेला कागद

समस्त सुजाण नागरिकांस, विशेषतः बोईसर, तारापूर, चिंचणी आणि पालघर परिसरातील रहिवाशांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की दुधी भोपळा सपाट नसतो.

हसू नका. मला हे पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. त्यासाठी बोईसरच्या एका पिठाच्या गिरणीचा जिना चढावा लागला, रविवारमागून रविवार दुधीची भाजी खावी लागली आणि एका सद्‌गृहस्थाच्या टकलावर लग्नपत्रिका ठेवून ती हलू न देता उभं राहावं लागलं. तुम्हाला हे ज्ञान बसल्या जागी मिळतंय. त्या सद्‌गृहस्थाचे आभार माना.

आम्ही त्यांना सर म्हणत असू. गिरणीच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. दारावर पाटी होती : ‘संगणकावर थ्री-डी ड्रॉइंग शिकवले जाईल.’ आणि खाली बारीक अक्षरात : ‘घाई असणाऱ्यांनी दळण टाकून घरी जावे.’ खालची चक्की सुरू झाली की वरचे संगणक थरथरायचे. कीबोर्डवर कायम पिठाचा पातळ थर. क्लासमधून घरी गेलो की बायको आधी माझ्या डोक्याकडे बघायची, मग म्हणायची, “आज ज्वारी होती वाटतं.”

सर उंच, काटकुळे, आणि डोकं असं गुळगुळीत की ट्यूबलाइट लावली की खोलीत दोन दिसायच्या. हातात बारा महिने काळी छत्री. ती छत्री बाहेर उघडलेली मी कधी पाहिली नाही. वर्गात मात्र रोज उघडायची. उघडी छत्री म्हणजे टाकीचं फुगीर झाकण, आणि दांडा म्हणजे टाकीच्या मधोमध जाणारी रेघ. छत्री उघडून ते ती टेबलावर उलटी-सुलटी फिरवायचे आणि आमच्यापैकी एकाला त्यांच्याच शर्टाच्या खिशातली एखादी जुनी लग्नपत्रिका देऊन म्हणायचे, “टेकवा.”

हा एवढाच त्यांचा विषय होता. तुम्हाला सांगतो, अवघड नाही. मला अवघड गेला ही गोष्ट वेगळी. समजा, गोल टाकी आहे आणि तिला बाजूने एक पाइप जोडायचाय. पाइपाचं तोंड म्हणजे वर्तुळ. संगणक वर्तुळ काढून देतो, पण त्याला सपाट कागद लागतो. गोल पाठीवर तो एक रेघ ओढणार नाही. म्हणून आधी त्या गोल पाठीला एक काल्पनिक कागद टेकवायचा. त्या कागदाला प्लेन म्हणतात. तो नीट टेकवला की निम्मं काम झालं. नाही टेकवला, तर तुमचा पाइप हवेत लोंबकळतो, आणि मीही तसाच लोंबकळत होतो.

टाकी म्हणून आम्ही दुधी वापरायचो. रविवारी येताना प्रत्येकाने एक आणायचा, असा नियमच होता. सर दुधी हातात घेऊन त्यावर पत्रिका टेकवायचे आणि ती दुधीभोवती गरगर फिरवायचे. “बघा. टेकलाय. इथेही टेकलाय. इथेही टेकलाय. नुसतं टेकून भागत नाही. तोंड कुणाकडे ते सांगा, मगच तो एका जागी थांबेल.” मग छत्रीचं टोक आमच्या छातीवर रोखून त्यांचे ते दोन प्रश्न यायचे : “टेकलाय कुठे? तोंड कुणाकडे?”

हे दोन प्रश्न ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला विचारत. कुणाचं लग्न ठरलं, तरी. मुलाने नोकरी बदलली, तरी. एकदा गिरणीवाल्या मावशी चक्कीचा पट्टा तुटला म्हणून रडकुंडीला आल्या, तर सर जिन्यावरून म्हणाले, “टेकलाय कुठे?” मावशी खालून ओरडल्या, “टेकलाय माज्या डोक्याला! तुमी तेवढं खाली येवा, मास्तर, नायतर आजचं दळण तुमीच हातानं दळा!”

आणि दुसरं वाक्य. ते त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं, पीठ बसून ते आणखी ठळक झालं होतं : ‘आकडा घालू नका, नातं घाला.’

म्हणजे असं की, कागद कुठे ठेवायचा हे संगणकाला दोन प्रकारे सांगता येतं. ‘मधल्या रेघेपासून अमुक मिलिमीटरवर ठेव’ हा झाला आकडा. ‘टाकीच्या पाठीला टेकव आणि समोरच्या भिंतीला समांतर धर’ हे झालं नातं. आज दोन्ही अगदी सारखे दिसतात. उद्या ग्राहक म्हणतो, टाकी जरा जाड करा. टाकी फुगते, आणि आकड्यावरचा कागद बिचारा होता तिथेच, टाकीच्या पोटात राहतो. नात्यातला कागद मात्र टाकीबरोबर बाहेर सरकतो, आपल्या पाइपासकट.

आता एवढं तत्त्व सांगून इतर माणसं घरी जातात. सर ते जगत होते. त्यांनी आयुष्यातून आकडेच काढून टाकले होते. घराचा पत्ता विचारला की “बहिणीच्या घरासमोर, विहिरीकडे पाठ करून.” कुरिअरवाला रडायचा. क्लास किती वाजता, तर “गिरणीत पहिली बाजरी पडली की.” एकदा मी त्यांना ताप आला म्हणून सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “वय?”

“धाकट्या बहिणीपेक्षा मोठा.”

“बहिणीचं वय?”

“ते ती सांगत नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “साठ लिहा.” सर दुखावले. बाहेर आल्यावर म्हणाले, “तुम्ही मला हवेत लटकवलंत.”

संगणकातल्या कागदांना सुद्धा ते क्रमांक देत नसत. नावं देत, आणि तीही नात्यातली. ज्याच्यावर सगळी टाकी उभी तो कागद म्हणजे ‘आजोबा’. ज्याच्यावरून बाकीचे लटकतात ती ‘मोठी आत्या’. एकाच बिंदूला टेकून बाकी सगळीकडून मोकळा असलेला कागद म्हणजे ‘मेहुणा’. त्यांचं मॉडेल उघडलं की डाव्या बाजूच्या यादीत एखाद्या घरचं बारशाचं आमंत्रण वाचतोय असं वाटायचं. आणि मोठ्या आत्याला हात लावला तर सगळे रुसणार हेही आलंच.

मी या गिरणीवर कसा पोचलो, ते सांगतो. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टाक्या बनवतो. म्हणजे बनवून घेतो. पत्रा वाकवणं, वेल्डिंग, टाकी उभी करणं यात माझं आयुष्य गेलं, आणि मोठ्या आवाजात बोलणं हे माझं कौशल्य. एके दिवशी आमच्या डिझाइनच्या साहेबांनी सगळ्या सुपरवायझरांना बोलावून जाहीर केलं की यापुढे इथे सगळं थ्री-डीत होणार. ज्याला ते येत नाही, त्याची व्यवस्था गुजरातेत भरूचच्या पुढल्या नव्या कारखान्यात केली जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना येत होतं. मला माउस सुद्धा उलटा धरायची सवय होती.

माझी बायको चिंचणीच्या शाळेत शिकवते. ती शाळा सोडून ती भरूचच्या पुढे खारट वाऱ्यात येणार नाही हे तिने मला आमटी वाढता वाढता, आवाज न चढवता सांगितलं. “तुम्ही जा. सणावारी या. पाहुण्यासारखी सोय करीन.” मी तिला ‘करून दाखवतो’ म्हणालो. ती म्हणाली, “आधी मोबाइलचा अलार्म बंद करून दाखवा.”

तेव्हा आमच्या एका फिटरने मला वाट दाखवली. “साहब, गिरनी के ऊपर वो छतरीवाले मास्टर हैं ना, उनके पास जाओ. अपनी ही कंपनी के थे. बड़े साहब ने निकाल दिया.”

ती हकीकत कारखान्यात सगळ्यांना पाठ होती. सर आमच्याच डिझाइन विभागात होते. बडोद्याहून एक मोठे ग्राहक आले होते, मोठे म्हणजे सर्व बाजूंनी. ते विचारत राहिले की टाकीच्या फुगीर झाकणावर पाइप तिरका का लावलाय. साहेब स्लाइड दाखवत राहिले. सर उठले, खिशातली लग्नपत्रिका काढली आणि ती ग्राहकाच्या पोटावर टेकवली. “हे बघा. इथे टेकली तर तोंड छताकडे. इथे टेकली तर दाराकडे. तुमच्या टाकीचंही तेच आहे.” ग्राहकाला विषय पूर्ण समजला आणि तो ताडकन उठून निघून गेला. साहेबांनी सरांना त्याच दुपारी काढलं.

सर या विषयावर माझ्याशी एकदाच बोलले. डोळे मिटून म्हणाले, “पोट उत्तम होतं हो. कुठे खाचखळगा नाही.”

सर गेल्यावर साहेबांनी हुकूम सोडला की त्यांच्या मॉडेलमधले हे आजोबा, आत्या, मेहुणे साफ करा. कंपनी आहे, लग्नघर नाही. विभागातल्या मुलांनी मोठी आत्या पुसली. अख्खी टाकी पडद्यावर लाल झाली. लाल म्हणजे संगणक सांगतो, मला आधार राहिला नाही. दुसरं मॉडेल उघडलं, तेही लाल. साहेबांनी सगळ्यांसमोर निदान केलं : व्हायरस. तेव्हापासून कुणीही काहीही विचारलं तरी ‘तो व्हायरस होता’ हेच उत्तर. सरांचं नाव त्या मजल्यावर कुणी काढत नसे.

आणि अशा माणसाकडे शिकून मला त्याच साहेबांपुढे परीक्षा द्यायची होती.

क्लासमध्ये मी सर्वांत मोठा आणि सर्वांत मागे. बाकीची मुलंमुली मला काका म्हणत आणि माझा माउस आपल्या हाताने सरळ करून ठेवत. दुधी कळला, छत्री कळली, पण चेंडूसारख्या गोलावर माझी गाडी अडली. तो कुठेही, कसाही टेकतो, मग कुठला कागद खरा? सर उठले, खुर्चीवर बसले, मान ताठ केली आणि मला पत्रिका देऊन म्हणाले, “टेकवा.”

“कुठे, सर?”

“इथे.” आणि आपल्या डोक्याकडे बोट.

मी पत्रिका टकलावर ठेवली. ती घसरली. पुन्हा ठेवली. खाली चक्की चालू होती. “एकाच बिंदूला टेकलीय. आता तोंड द्या तिला. समोरच्या भिंतीकडे.” मी पत्रिका पुढे कपाळाकडे आणून भिंतीला समांतर उभी धरली. त्याच क्षणी मावशी जिन्यावरून वर आल्या, हातात पिठाचा डबा. माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

“मास्तर, तुमचं डोकं ठीक हाय ना?”

“ठीक आहे,” सर मान न हलवता म्हणाले. “आता याला तोंड पण आहे.”

मला त्या दिवशी गोल कळला. म्हणजे कळला असं वाटलं. खरं सांगायचं तर सरांचं टक्कल तेवढं कळलं होतं.

बदलीची भीती मी सरांना सांगितली, तेव्हा त्यांनी छत्री माझ्या छातीवर रोखली. “तुम्ही टेकलाय कुठे?”

“बोईसरला, सर.”

“तोंड कुणाकडे?”

मी विचार केला. “चिंचणीच्या शाळेकडे.”

“मग तुम्हाला भरूचला कसे नेतील? लाल व्हाल तुम्ही.”

परीक्षेसाठी एक टाकी काढायची होती. तिला माणूस आत उतरायचं मोठं तोंड म्हणजे मॅनहोल, शिवाय पाच-सहा पाइप, एक शिडी. अट एकच : साहेब सर्वांसमोर टाकीचा व्यास बदलणार, आणि सगळं आपोआप आपल्या जागी आलं पाहिजे. ग्राहकाला उंचीचा अंदाज यावा म्हणून टाकीशेजारी एक माणूस उभा करायची पद्धत असते. तयार माणूस संगणकात मिळतो. पण मला टाकीपेक्षा माणूस काढण्यातच रस आला. गोल डोकं. काटकुळं अंग. हातात छत्री. त्याची पाठ मी टाकीला टेकवून त्याला उभा केला, अगदी नात्याने, आकडा न घालता. तो इतका हुबेहूब झाला की मी शुभ रात्री म्हटल्याशिवाय संगणक बंद करत नसे.

मग मॅनहोलचा कागद टाकीच्या पाठीला टेकवला. पहिल्याच फटक्यात टेकला! मी एवढा हरखलो की बाकीचे सगळे पाइप आणि शिडी त्याच कागदावरून काढली. एकदा जमलेलं मला दुसऱ्यांदा जमेल याची खात्री नव्हती.

परीक्षेच्या दुपारी मोठ्या पडद्यावर माझी टाकी लागली. सगळा डिझाइन विभाग बसलेला. साहेबांनी चष्मा वर केला.

“मॅनहोल जरा जास्तच बाहेर आलंय.”

“इन्सुलेशनसाठी जागा ठेवलीय, साहेब.” मला इन्सुलेशनचं स्पेलिंगही येत नाही.

“आणि हा कोण?”

“माणूस, साहेब. उंचीचा अंदाज यावा म्हणून.”

“छत्री कशाला?”

“ऊन असतं ना, साहेब, प्लांटमध्ये.”

साहेब त्या टकलाकडे फार वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “ओळखलं मी.” मला भरूच दिसू लागलं.

त्यांनी पुढे होऊन स्वतः व्यास बदलला. टाकी फुगली. छत्रीवाला माणूस, पाठ टाकीला टेकलेली, शांतपणे तेवढाच बाहेर सरकला. आणि मॅनहोल, पाइप, शिडी, सगळी वरात त्याच्यामागोमाग आपापल्या जागी येऊन उभी राहिली. एकही लाल नाही. कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच खोकल्यासारखं केलं. साहेब म्हणाले, “बरोबर आहे.” मी मनातल्या मनात बायकोला फोन लावला.

“आता ह्या माणसाला काढा,” साहेब म्हणाले, “आणि टाकी ग्राहकाला पाठवा.”

मी माणसावर क्लिक केलं, पुसा म्हटलं. संगणकाने काहीतरी लांबलचक विचारलं. मी संगणकाचे प्रश्न वाचत नाही. मी ‘हो’ म्हणतो. मॅनहोल गेलं. पाइप लाल झाले. शिडी गेली. पडद्यावर एक नागडी टाकी, आणि बाजूला लाल खुणांची रांग.

शेवट सांगण्याआधी निकाल सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही माझ्या संसाराच्या काळजीने वाचणार नाही. मी बोईसरलाच आहे. बायको अजून चिंचणीला शिकवते आणि अजून मला अलार्म बंद करता येत नाही. टाकी ग्राहकाकडे गेली ती छत्रीवाल्या माणसासकटच. त्याच संध्याकाळी मी सरांकडे धावलो आणि सगळं सांगितलं. तेव्हा कुठे उलगडलं की काय झालं होतं. टाकी राखाडी, टक्कल राखाडी. मी टाकीवर म्हणून क्लिक केलं ते टकलावर. माझी सगळी टाकी सरांच्या कपाळावर उभी होती.

सरांनी ऐकून घेतलं. “टेकलाय कुठे?”

“तुमच्या टकलावर, सर.”

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. “तोंड कुणाकडे?”

“समोरच्या भिंतीकडे.”

“मग बरोबरच आहे,” ते म्हणाले आणि छत्री बंद केली. आता ते माकुणसारला बहिणीकडे राहतात. गिरणी आहे, पाटी नाही. दुधी मात्र आमच्या घरी अजून येतो, सवयीने.

पण त्या दुपारकडे परत चला. पडद्यावर नागडी टाकी. साहेबांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि संगणकाला एक पाऊल मागे नेलं, म्हणजे पुसलेलं परत आणलं. छत्रीवाला परत आला. त्याच्यासोबत मॅनहोल आलं, पाइप आले, शिडी आली. साहेबांनी त्याला स्वतःच्या हाताने पुन्हा पुसलं. सगळं कोसळलं. परत आणलं, सगळं उभं राहिलं. पुन्हा पुसलं. माउस जोरात टेबलावर आपटला, आणि ज्या माणसाने वर्षानुवर्षे व्हायरसचं नाव सांगितलं होतं, तो अख्ख्या विभागासमोर ओरडला :

“अरे, ह्या माणसाला काढलं की दर वेळी असंच होतं!”